तीन स्कॅन, एक नकाशा : माझा किरणोपचाराचा अनुभव

माझा पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात रक्तात वाढणारे प्रथिन) १४ वर गेला, एमआरआयमध्ये प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या डाव्या बाजूला मागे गाठ दिसली आणि बायॉप्सीत कर्करोग निघून त्याची आक्रमकता सांगणारा ग्लीसन गुणांक ४ अधिक ३, म्हणजे ७ आला, तेव्हा माझे वय ६८ होते. सहा महिने हॉर्मोनची इंजेक्शने आणि त्यासोबत किरणोपचार असे ठरले. एमआरआयने जागा दाखवली आहे, आता मशीनखाली झोपायचे एवढेच उरले, अशी माझी समजूत होती.

आधी पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते उजळून दाखवणारा स्कॅन, झाला. त्यासाठी टोचलेल्या गॅलियम-६८ या किरणोत्सारी द्रव्याची किरणोत्सारिता ६८ मिनिटांत निम्मी होते, म्हणून त्या दिवशी वेळेला फार महत्त्व होते. लसिकाग्रंथींत किंवा हाडांत आजार पसरल्याचे त्यात दिसले नाही, आणि एमआरआयने दाखवलेली गाठच तिथेही उजळली. दोन वेगळ्या तपासण्यांनी एकाच ठिकाणी बोट ठेवल्यामुळे त्या गाठीला थोडी अधिक मात्रा देण्याचा निर्णय डॉक्टरांनी घेतला.

त्यानंतर प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तीन बारीक कण बसवले आणि आठवड्याने सीटी व नवा एमआरआय एकाच दिवशी केला. दोन्ही कशासाठी, असे मी विचारले. शरीराचा कोणता भाग क्ष-किरण किती अडवतो हे सीटीवरून कळते आणि मात्रेचे गणित त्यावरच बसते. मात्र सीटीत प्रोस्टेटची कड, विशेषतः खालचे टोक, पुसट दिसते आणि डॉक्टरांकडून ती ग्रंथी प्रत्यक्षापेक्षा मोठी आखली जाते, म्हणजे मूत्राशय आणि गुदाशय यांना नाहक किरण लागतात. ती कड एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. सोन्याचे कण सीटीत पांढरे चमकतात, एमआरआयमध्ये काळे ठिपके होतात, आणि ते ठिपके जुळवूनच एक चित्र दुसऱ्यावर बसवले जाते.

माझ्या बाबतीत पहिल्या खेपेला ते नीट बसले नाही. सीटीनंतर एमआरआयसाठी तासभर थांबावे लागले, तेवढ्यात मूत्राशय आणखी भरले आणि गुदाशयात वायू साठला. डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवून दाखवले. "काका, कण जुळतात, पण गुदाशयाची भिंत दोन्हींत वेगवेगळ्या जागी आहे. यावर मला आखणी करायची नाही." तीन दिवसांनी सगळे पुन्हा करावे लागले. तेव्हा मी चिडलो होतो, पण आज वाटते की संपूर्ण उपचारातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता. पथ्य आणि पाणी यांबद्दलच्या सूचना मात्र मला पहिल्याच दिवशी लेखी मिळायला हव्या होत्या.

पुढे २० दिवसांत मिळून ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा दिली, गाठीला त्याहून थोडी जास्त. रोज पोट साफ करून, लघवी करून, मग मोजून पाणी पिऊन ठरलेला वेळ थांबायचे. टेबलावर झोपल्यावर मशीन स्वतःच एक छोटा सीटी काढत असे, तंत्रज्ञ सोन्याचे कण मूळ आखणीशी ताडून पाहत आणि टेबल काही मिलिमीटर सरकवत. सातव्या दिवशी मूत्राशय अर्धेच भरलेले दिसले, म्हणून मला खाली उतरवले. मी आणखी पाणी पिऊन चाळीस मिनिटे बाहेर बसलो, पुन्हा स्कॅन झाला, आणि या वेळी चित्र जुळल्यावरच किरण सुरू केले.