‘नाते’ या रकान्यात

ऑक्टोबरच्या शेवटी नाशिकभोवतीच्या द्राक्षबागांत छाटणीची घाई असते आणि आमच्या नवजात अतिदक्षता कक्षात बागांवरून आलेली बाळं असतात. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या या दिवसांत दिंडोरी-निफाडला उतरतात. बाई सातव्या-आठव्या महिन्यातली असली तरी सोबत येते. काम उक्तं, एकरावर ठरलेलं. एक हात कमी झाला तर सगळ्या टोळीला भारी पडतं.

तो मुलगा असाच आला होता. वय १९. बायकोही १९ची. तिचं बीपी चढून झटके आले, तेहतिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, वजन १ किलो ५४० ग्रॅम. बाळ आमच्याकडे ऊब देणाऱ्या वॉर्मरवर, आई वरच्या मजल्यावर आयसीयूत, आणि हा मधल्या जिन्यात बसलेला.

भरती करताना संमतीपत्र त्याच्यापुढे ठेवलं. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्याने सावकाश अक्षरं जोडत लिहिलं, ‘मुलगी’. मी म्हटलं, “अरे, ती तुझी मुलगी. तू तिचा कोण?” त्याने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, शेजारी उभ्या टोळीच्या मुकादमाकडे पाहिलं. शेवटी मुकादमच म्हणाला, “लिही, वडील.”

पुढचे चार दिवस डॉक्टर जे सांगायचे ते मुकादमालाच. मीसुद्धा तेच केलं. मुलाला मी रक्ताची चिठ्ठी लॅबमध्ये द्यायला पाठवायचे, वरून आईचं काढलेलं दूध वाटीत आणायला सांगायचे. बाळ कसं आहे हे मात्र एकदाही त्याला समोर बसवून सांगितलं नाही. सतरा वर्षं या कक्षात काढलीत, तरी. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच्या लग्नाबद्दल माझ्या मनात राग होता, तो लपवत नाही. समाजसेवा अधीक्षकांनी कागद तपासले होते. बायको अठराच्या आतली असती तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागलं असतं. ती वेळ आली नाही. पण २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मुलाच्या लग्नाचं वय २१. म्हणजे कायद्याने हा अजून नवरदेवसुद्धा होऊ शकत नव्हता. आई-बाप महिनोन्‌महिने बागांवर, घरी वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्नं उरकली जातात. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरीही पटत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, बाळ स्थिर आहे, कांगारू केअर सुरू करा. बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आई आयसीयूत, आजी गावाकडे धाकट्या पोरांपाशी. मी जिन्यात गेले. “शर्ट काढावा लागेल. जमेल का?”

त्याने हात पुढे केले. नखांच्या कडांना अजून लालसर रंग होता. छाटणीनंतर काडीचे डोळे, म्हणजे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात तिचा. तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं, अंगावर आलं तर कातडी भाजते. मी त्याला अंघोळीला पाठवलं, नखं कापायला लावली, साबणाने कोपरापर्यंत हात दोनदा धुवून घेतले. तिसऱ्यांदा तो आपणहून धुवून आला.

खुर्चीत मागे रेलून बसवलं. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट, एवढंच. छातीच्या मधोमध उभं ठेवलं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर. “नाकावर कापड येऊ द्यायचं नाही. मान पुढे पडली तर श्वास अडतो.” वरून ओढणीने बांधलं. तो इतका ताठ बसला होता की मला म्हणावं लागलं, “अरे, तू तरी श्वास घे.”

बसवताना बाळाचं तापमान ३६.३ अंश सेल्सियस होतं. तासाभराने ३६.९. मी आकडा मुकादमाला नाही, त्याला सांगितला आणि ३६.५ ते ३७.५ म्हणजे ठीक, हेही सांगितलं. दूध नळीतून द्यायचं होतं, १५ मिली. सिरिंज त्याच्या हातात दिली. दट्ट्या दाबायचा नाही, सिरिंज नुसती उभी धरायची, दूध आपसूक उतरतं. तो त्या पांढऱ्या रेघेकडे बघत होता. द्राक्षाच्या घडाची विरळणी करणारी बोटं ती, जराही हलली नाहीत.

दुपारी फोन वाजला. मुकादम. कालची छाटणी झालेला प्लॉट पेस्टिंगविना पडला होता, दोन माणसं कमी होती, घेतलेली उचल फिटायची होती. तो हळू आवाजात, बाळाला धक्का न लावता बोलला, “बाळ छातीवर हाय. मला येता येणार नाही.” पलीकडून बराच वेळ काही ऐकू येत राहिलं. त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला, कारण त्याला ठेवायला हात मोकळा नव्हता.

ते खाडे त्याच्या हिशेबातून कापले गेले, हे मला नंतर कळलं. आईच्या प्रसूतीचं, औषधांचं, घरी सोडायच्या गाडीचं सरकार बघतं. बापाच्या बुडालेल्या रोजाचं कुणी बघत नाही. आणि या वयाच्या पोराकडे साठवलेलं काहीच नसतं.

संध्याकाळी पाचला आयसीयूतून चाकाच्या खुर्चीवर तिला खाली आणलं. अजून चेहऱ्यावर सूज होती. तिने बाळ पहिल्यांदाच पाहिलं, आणि घाबरून हात मागे घेतला. एवढं लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं. मी पुढे होणार तेवढ्यात त्याने ओढणीची गाठ सैल केली.

“मान अशी, एका बाजूला,” तो तिला सांगू लागला. “नाकावर कापड येऊ द्यायचं नाही.”

मी मागे सरले. पुढचं दूध सहाला होतं.