खाणकाम नोंद: नुसत्या पिवळ्याला भुलायचं नाही

पंधरा दिवस एलीट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये फक्त ग्रहांभोवतीच्या बर्फाळ कड्यांत फिरतोय. हवंय व्हॉइड ओपल, म्हणजे दगडांच्या गाभ्यात मिळणारं रत्न, बाकी काही नाही. घणसोलीहून ऐरोलीला घरी पोचायला साडेसात वाजतात, जेवणखाण उरकून खुर्चीत बसायला नऊ. दीड तासात दिसेल त्या दगडावर प्रॉस्पेक्टर (आत काय आहे ते सांगणारा छोटा ड्रोन) सोडत बसलो तर झोपायला रिकाम्या हातानेच जायचं.

पहिले चार-पाच दिवस तेच झालं. आसपासचे दगड उजळवून दाखवणाऱ्या पल्स वेव्ह अ‍ॅनलायझरची लाट सोडायची, पिवळं उजळेल तिकडे जहाज वळवायचं. पण वरवर किंवा जरासा खाली साठा असलेले दगडही उजळतात, गाभा पोकळ असो की भरलेला. लिंपेट, म्हणजे हे ड्रोन, संपत आले आणि मिळालं काय, तर थोडं ब्रोमेलाइट हे दुसरंच खनिज.

आता उजेडापेक्षा उजेडातले काळे चट्टे आधी बघतो. गाभ्यात माल असलेला दगड केशरीकडे झुकतो आणि मधेमधे काळपट दिसतो. मग आकार. बर्फाळ कड्यांत असे दगड फुललेल्या लाहीसारखे असतात; बटाट्यासारखा गुळगुळीत दिसला की मी थांबतच नाही. लाही दिसली तर जवळ जाऊन भेगा शोधायच्या, आणि भेग दिसल्यावरच प्रॉस्पेक्टर. बाबा कलिंगड घेताना बुडाचा पिवळा डाग शोधतात, मी काळा शोधतोय. घरात दोघांचं एकमत होणं तसंही कठीण.

परवा एक अस्सल सापडला. पॅनेलवर गाभ्यात व्हॉइड ओपल असं आलं आणि मी हावरटासारखं वागलो. चार भेगा होत्या, त्यातल्या दोन मजबूत. दोन्हींत भूकंपी सुरुंग पूर्ण जोराने मारले, वर तिसराही. स्फोटाचा जोर दाखवणारी पट्टी हव्या त्या निळ्यातून जास्तीच्या लाल भागात गेली तेव्हा एक सुरुंग निकामी करायला हवा होता. तो करता येतो हे माहीत असूनही केला नाही. स्फोट झकास दिसला. तुकडे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

खऱ्या आकाशातही वरच्या चमकेवर विश्वास नको, हे परवा वाचताना पुन्हा जाणवलं. सायकी हा लघुग्रह अनेक वर्षं जवळपास निखळ लोखंडाचा गोळा मानला जायचा. त्याची घनता निघाली घनसेंटिमीटरला साधारण 4 ग्रॅम. लोखंडाची जवळपास 8. म्हणजे धातूत खडक मिसळलेला, नाहीतर आत पोकळ्या. नासाचं यान तिकडे ऑक्टोबर 2023 मध्ये निघालंय, 2029 मध्ये पोचेल. आपला प्रॉस्पेक्टर काही सेकंदांत उत्तर देतो, तरी आपण कुरकुरतो.

शनिवारी प्लॅटिनमसाठी धातूच्या कड्यांत जातोय. तिथे सुरुंगांऐवजी लेझर, आणि दगडात प्लॅटिनम किती टक्के ते बघून घ्यायचं की सोडायचं ते ठरवायचं. मी 30 टक्क्यांच्या खालचं सोडून द्यायचं ठरवलंय. तुम्ही कितीवर थांबता?