मोटर चालू, पण पाणी नाही

मे महिना लागला की आमच्या घरात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अरे मोटर चालू आहे पण पाणीच येत नाहीये". राजापूरकडचं गाव, घरामागे चिऱ्याची बांधीव विहीर, आणि कठड्याला लागून एक एचपीची मोनोब्लॉक मोटर, म्हणजे मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात. यंदा मुंबईहून काका-काकू, मुलं सगळी आली, घरात बारा माणसं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मोटर पाणी उचलेनाशी झाली. मेकॅनिक आला, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला मोटर गेली, नवीन घ्या. मला ते पटलं नाही, कारण आवाज तर नेहमीसारखाच होता, फक्त जरा हलका, रिकामं फिरल्यासारखा. म्हटलं एक दिवस थांबूया, आधी आपण बघू.

आणि खरंच सांगतो, मोटर सुरळीत फिरतेय पण पाणी उचलत नाहीये म्हटल्यावर दहातल्या आठ वेळा दोष मोटरमध्ये नसतोच, विहिरीत उतरणाऱ्या सक्शन पाइपात असतो. हा माझा अनुभव. तपासायला काही लागत नाही, एक कळशी पाणी आणि थोडा धीर. मेन स्विच बंद करायचा, पंपाच्या डोक्यावरचा बोल्ट काढायचा आणि काठोकाठ भरेपर्यंत पाणी ओतायचं. मग पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. पाणी खाली जायला लागलं आणि वरच्या पाइपावर कुठेच ओल नसेल तर खालचा फुटव्हॉल्व, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाला असलेली, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळतोय, त्याच्या रबरी झडपेत वाळूचा खडा नाहीतर पानाचा देठ अडकलेला असतो किंवा रबरच कडक झालेलं असतं. पाइप वर काढून व्हॉल्व साफ करायचा, नाहीतर बदलायचा. परत सोडताना तळापासून फूट-दीड फूट वर ठेवा, नाहीतर गाळ ओढतो.

आमच्याकडे मात्र वेगळंच निघालं. पाणी भरून बसलो होतो आणि पंपाखालच्या युनियनवर, म्हणजे पाइप जोडणाऱ्या उघडता येणाऱ्या जॉइंटवर, एक थेंब जमला, लोंबला, पडला, मग दुसरा. एवढंच. मोटर चालू असताना तो थेंब कधीच दिसला नसता, कारण तेव्हा त्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि हवा शिरली की पंपाला पाणी उचलता येत नाही. चालू मोटरवर हे बघायचं असेल तर जॉइंटला साबणाचा दाट फेस लावा, फट असेल तिथे फेस आत खेचला जातो. मी युनियन उघडलं, वॉशर चिरलेला होता, नवीन घातला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळला, पुन्हा भरलं आणि स्विच मारला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आई मागच्या दारात उभी होती, काही बोलली नाही, सरळ हंडे घासायला घेतले.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आठवड्याने परत तेच. यावेळी थेंब नाही, फुटव्हॉल्व ठीक. मग दोरीला दगड बांधून मोजलं तर पंपापासून पाणी 27 फूट खाली गेलं होतं. वर ठेवलेला पंप पाणी ओढतो म्हणजे खरंतर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दाब पुस्तकात 34 फुटांपर्यंत पुरतो पण प्रत्यक्षात 22-25 फुटांच्या पुढे भरवसा नाही. तिथे मोटर कितीही नवी आणली तरी तेच झालं असतं! लोखंडी अँगल टाकून मोटरच सहा फूट खाली घेतली.

मोटर फिरतच नाही, नुसती घूंऽऽ करते, तर ते प्रकरण वेगळं. लगेच बंद करा, तशीच ठेवली तर वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. बहुतेकदा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, गेलेला असतो, तो स्वस्तात बदलून होतो, पण स्विच बंद केल्यावरही त्यात करंट राहतो त्यामुळे त्याला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला करू द्या. चाकरमान्यांच्या बंद घरांत महिनोन्‌महिने न चाललेला पंप आतून गंजून जाम होतो, मेन बंद करून मागचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. व्होल्टेज कमी असेल तरी असंच होतं. आणि कृपा करून अर्थिंग नीट करून घ्या, ओल्या कठड्यावर अनवाणी उभं राहून स्विच दाबणारी माणसं आपल्याच घरातली असतात.

हे सगळं झाल्यावर स्वयंपाकघरातला नळ फुरफुरायला लागला, बाकी नळ व्यवस्थित. टाकीतून येणारी लाइन दारावरून वर चढून परत खाली येते, त्या उंचवट्यावर हवा अडकते. मोटरच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला, होस लावून त्याच नळातून उलटं पाणी सोडलं, टाकीत बुडबुडे येईपर्यंत. आता त्या उंचवट्यावर अर्ध्या इंचाचा पाइप उभा केलाय, तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर, आणि काकू जाईपर्यंत नळ एकदाही अडला नाही.