पांढरी वाइन अशी का दिसते?

स्पेनमधल्या बिलबाओतल्या आमच्या घरी भारतातून पाहुणे आले की एका संध्याकाळी मी ‘विन्या तोन्दोनिया’ ह्या पांढऱ्या वाइनची बाटली काढते. ग्लासात ओतलं की समोरून प्रश्न ठरलेला. गेल्या वर्षी आत्याने तो अगदी सरळ विचारला, ‘‘अगं, ही पांढरी ना? मग फिक्या कोऱ्या चहासारखी का दिसतेय? नासली तर नाही ना?’’

तुम्हीही बऱ्याच जणांनी हेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. नासलेली नाही. ती मुरलेली आहे.

आत्याच्या माळ्यावर चिनी मातीच्या बरणीत लिंबाचं लोणचं असतं, वर्षानुवर्षांचं. काळं पडलेलं, मऊ झालेलं. पोट बिघडलं की त्यातली फोड मिळते. ते खराब झालं असं घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तिला हेच उदाहरण दिलं. ती म्हणाली, ‘‘त्यात मीठ असतं. ह्यात काय आहे?’’ प्रश्न बरोबर होता. ह्यात मीठ नाही, आंबटपणा आहे. आणि लोणच्याची बरणी आपण दादरा बांधून झाकतो, इथे मात्र हवेला थोडं थोडं आत येऊ देतात.

ही वाइन उत्तर स्पेनमधल्या रिओहा प्रदेशातली. गाव हारो, पण म्हणायचं ‘आरो’, कारण स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा ह लिहितात आणि गिळतात. आमच्याकडून गाडीने तासाभरावर. द्राक्ष मुख्यतः विउरा, त्यात थोडं मालवासिया. तोन्दोनियात हे प्रमाण साधारण नव्वदाला दहा असतं. विउरा तरुणपणी अगदीच अबोल द्राक्ष आहे. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणखी काही नाही. पण आंबटपणा टिकवून धरतं. ह्या वाइनचं सगळं आयुष्य त्या आंबटपणावर उभं आहे.

आंबवून झालेला रस २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत जातो. तोन्दोनियाची ‘रेसेर्वा’ ही प्रत तिथे सहाएक वर्षं राहते, ‘ग्रान रेसेर्वा’ त्याहूनही जास्त. वर्षातून दोनदा वरची निवळ दुसऱ्या पिंपात ओतून घेतात, खाली गाळ राहतो. शेवटी अंड्यातला पांढरा बलक घालून उरलासुरला गढूळपणा खाली बसवतात. यंत्राने गाळत नाहीत. लाकूड अमेरिकन, पिंपं मात्र बोदेगाच्या स्वतःच्या सुतारशाळेत बनतात आणि दुरुस्त होतात. बोदेगा म्हणजे वाइन बनवणारं घर, तळघरासकट. ही पिंपं जुनी असतात, कित्येक तर काही दशकांची. लोकांना वाटतं की लाकडाची चव यावी म्हणून एवढा खटाटोप. पण जुन्या पिंपात चव द्यायला फारसं काही उरलेलं नसतं. त्याचं काम श्वासापुरतं. लाकडाच्या रंध्रांतून आणि दर वेळी ओतताना हवा किंचित किंचित लागत राहते, आणि कापलेल्या सफरचंदाची फोड पाच मिनिटांत जशी तांबूस होते तसंच काहीतरी इथे वर्षांच्या हिशेबाने घडतं. रंग सोनेरी होतो. वास बदामाचा, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा, मधमाश्यांच्या मेणाचा. अमेरिकन ओकमुळे थोडा सुक्या खोबऱ्याचाही. आत्याने तो पहिल्याच हुंगण्यात ओळखला. मला ओळखायला दोन वर्षं लागली होती.

शेरीचा वास येतो असंही अनेक जण म्हणतात. नातं लांबचं आहे. शेरी ही दक्षिण स्पेनमधली वाइन, तिच्यात वरून मद्यार्क घालतात. इथे तसं काही नाही.

आता मूळ. ओकच्या पिंपात वाइन जोपासायची ही रीत रिओहाची स्वतःची नाही, ती फ्रान्समधल्या बोर्दोहून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तिदा गावच्या मान्वेल किन्तानो ह्या धर्मगुरूने ती तिथे जाऊन शिकून आणली. गावकऱ्यांनी हाणून पाडली. गावातली सगळी वाइन एकाच भावाने विकायची असा नियम, मग पिंपांचा खर्च करून कोण मरेल? पुढे १८५२ मध्ये लुसियानो दे मुरिएता ह्यांनी रिओहातल्याच लोग्रोन्यो शहरात तोच प्रयोग पुन्हा केला, आणि ह्या वेळी तो टिकला. ही सगळी धडपड तांबड्या वाइनसाठी होती बरं का. पांढरी मागाहून त्याच तळघरात, त्याच शिस्तीने वाढली. वेगळी वागणूक तिला कुणी दिलीच नाही, आणि माझ्या मते तिचं भाग्य ह्यातच होतं.

खरा पैसा आला तो एका किड्यामुळे. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची मुळं खाऊ लागली आणि बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत डोंगर ओलांडून आले. हारोला नुकतंच रेल्वे स्टेशन झालं होतं. पिंपं थेट बिलबाओ बंदराकडे जाऊ शकत होती, म्हणून बोदेगा स्टेशनाला खेटूनच उभ्या राहिल्या. तो मोहल्ला आजही ‘बार्रिओ दे ला एस्तासिओन’ म्हणजे स्टेशनवस्तीच आहे. आज तोन्दोनिया बनवणारी बोदेगा चिलीत जन्मलेल्या राफाएल लोपेस दे एरेदिया ह्यांनी १८७७ मध्ये तिथेच सुरू केली. १८७९ मध्ये सीव्हीएनई ही वाइन कंपनी शेजारी आली. गावात इतका पैसा खेळू लागला की १८९० मध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागले. ‘आलं हारो, दिवे दिसायला लागले’ ही म्हण तेव्हापासूनची. मग शतक संपता संपता तोच किडा रिओहातही पोचला. लोपेस दे एरेदियांचा तोन्दोनिया नावाचा मळा त्यानंतरचा, १९१३-१४ च्या सुमारास लावलेला. एब्रो नदी जिथे मोठं वळण घेते तिथे, शंभर हेक्टरच्या वर.

त्यांच्या तळघरात जळमटं मुद्दाम ठेवतात. बुचं कुरतडणारे किडे कोळी खातात म्हणे. वर रस्त्याशेजारी झाहा हदीद ह्यांनी रेखाटलेला चकचकीत मंडप आहे आणि खाली ती जळमटं. मला खालचं जास्त आवडतं.

१९७० नंतर स्टीलच्या टाक्या आणि थंड आंबवण आली. ताजी, पाण्यासारखी पारदर्शक, वर्षात पिऊन टाकायची पांढरी वाइन निघू लागली. ग्राहकांना तीच हवी होती. एकेकाने पिंपं बंद केली. लोपेस दे एरेदियांनी केली नाहीत. मुरिएताच्या बोदेगानेही पूर्ण सोडलं नाही. तिथली कास्तियो इगाय १९८६ ची पांढरी एकवीस वर्षं पिंपात, मग काही वर्षं सिमेंटच्या टाकीत राहिली आणि २०१६ मध्ये विकायला आली. सीव्हीएनईने तर सोडून दिलेली जुनी पद्धत परत आणायला आपले निवृत्त वाइनतज्ज्ञ एसेकिएल गार्सिया ह्यांना घरून बोलावलं. लोक त्यांना ‘मांत्रिक’ म्हणत. त्यांच्या आठवणीवरून ‘मोनोपोल क्लासिको’ ही पांढरी वाइन २०१४ च्या द्राक्षांपासून पुन्हा बनवली. एकेकाळी जुनाट म्हणून हिणवलेली ही वाइन आज मिळता मिळत नाही आणि भाव बघून माझा हात आखडतो. तोन्दोनियाची पांढरी आता मी वर्षाला दोनच घेते. रोजच्याला त्याच बोदेगाची धाकटी, ‘ग्राव्होनिया’.

एक मात्र मान्य करते, तुमची शंका वेडगळ नाही. दुकानात तीन-चार वर्षं उन्हात उभी राहिलेली साधी तरुण पांढरी पिवळी पडली असेल तर ती खरंच गेलेली असते. चव सपाट लागते, आंबटपणा हरवलेला असतो. मुरलेली वाइन जिभेच्या कडांना अजून चावते. म्हणून रंगावर जाऊ नका, घोट घ्या. आणि फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. अर्धा तास बाहेर राहू द्या, थंडगार असली की तिचं तोंड उघडत नाही.

आत्याने त्या रात्री दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला सारला. बाटली बूच लावून फ्रिजच्या दारात ठेवली. सहाव्या दिवशी भरली वांगी केली होती, दाण्याचं कूट भरपूर घालून. जेवताना तिनेच विचारलं, ‘‘ती लोणच्याची बाटली संपवलीत का रे तुम्ही?’’ नवरा उठला आणि काढून घेऊन आला. वास अजून तसाच होता.