दगडच बघायचे तर सिंहगड काय वाईट?

आइसलँडला फोटो काढायला चाललोय म्हटल्यावर आमच्या काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आणि खोटं कशाला बोलू, प्रश्नात दम होता. पुण्याचा माणूस जन्मभर लाव्हावरच राहतो. पर्वती लाव्हा, हनुमान टेकडी लाव्हा, जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर तर अख्खंच लाव्हाच्या खडकात कोरलेलं, आणि सिंहगडावर ताक पीत आपण ज्या कड्याशी बसतो तोही एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचाच, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपलं हे दख्खनचं प्रकरण आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे आणि सबंध आइसलँड आहे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या खडकात तसले जवळपास पाच देश आरामात बसतील.

पण आपला लाव्हा म्हातारा झालाय ना. कोट्यवधी वर्षांच्या पावसानं झिजलाय, त्यावर माती आली, कारवी आली, गडकोट आले, आणि आता सोसायट्या. आइसलँडमधला सगळ्यात जुना खडकच दीडेक कोटी वर्षांचा, आणि देशाच्या मधल्या ओसाड भागात तर असा लाव्हा पडलाय की जो पेशवाईत वाहिला. मला तो तसा, अंगावर फारसं काही न चढलेला बघायचा होता. काकांना हे सांगितलं, त्यांनी "बरं बाबा, स्वेटर ने" म्हणून विषय संपवला.

आम्ही तिघं होतो. मी, माझा कॉलेजचा मित्र आणि त्याचा मोठा भाऊ. भाऊ म्हणजे दादा, फोटोबिटो काही काढत नाही, पण गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही आणि लेह-स्पिती सगळं करून झालेलं. सगळे टूरवाले करतात तो गोल रस्ता आम्ही मुद्दाम सोडला. त्या रिंगरोडवर सुंदर धबधबे आहेत, काळे समुद्रकिनारे आहेत, सगळं आहे, पण प्रत्येक धबधब्यासमोर एकाच जागी ट्रायपॉडची रांग लागलेली असते आणि घरी येऊन बघावं तर आपला फोटो आणि इतर लाख लोकांचा फोटो यात फरक फक्त ढगांचा. आम्हाला जायचं होतं आत, हायलँड्समध्ये, जिथं कायमची वस्ती नाही, पेट्रोल पंप जवळपास नाहीत आणि रस्त्यांच्या नंबराआधी एफ लागतो. एफ म्हणजे डोंगरातला कच्चा रस्ता. फोर बाय फोरशिवाय तिथं जायला कायद्यानंच बंदी आहे, आणि हे रस्ते साधारण जूनच्या शेवटी कधीतरी उघडतात, बर्फ वितळेल तसे, आणि थंडी सुरू झाली की बंद. आम्ही सप्टेंबरची सुरुवात धरली कारण रात्री अंधार हवा होता (जूनमध्ये तिथं रात्रच होत नाही) आणि गर्दी नको होती.

आता नद्या. या रस्त्यांवर बऱ्याच नद्यांना पूल नाही. रस्ता सरळ पाण्यात जातो आणि पलीकडून बाहेर येतो, बस. आणि भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा पाण्यानं झालेलं नुकसान धरलेलंच नसतं, म्हणजे इंजिनात पाणी गेलं तर पुण्यातला फ्लॅट विकायला काढा. दादाची पद्धत एकदम शिस्तीची. काठावर गाडी बंद, खाली उतरायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी बघायचं. मित्र वैतागला, "अरे दादा, चल की आता, लाइट जाईल." दादा शांतपणे, "लाइट उद्या पण येईल. गाडी नाही येणार."

पाणी वाचायचं म्हणजे काय ते मी तिथं शिकलो. जिथं पात्र अरुंद आणि पाणी गुळगुळीत, गप्प दिसतं तिथं ते खोल असतं. जिथं पात्र पसरलेलं आणि वर खळखळ आहे, छोट्या छोट्या लाटा फुटतायत, तिथं खाली गोटे आहेत आणि उथळ आहे. हिमनदीचं पाणी दुधट राखाडी असतं त्यामुळे तळ दिसतच नाही, मग आधी पायी जाऊन बघायचं, काठी टेकत, आणि गुडघ्याच्या वर पाणी येऊन पाय हलायला लागले तर गाडीचा विचार सोडायचा. शिवाय दिवसभर बर्फ वितळतं म्हणून संध्याकाळी पाणी चढतं, तेव्हा अवघड नद्या सकाळी करायच्या. गाडी प्रवाहाच्या दिशेला किंचित तिरकी घालायची, लो गिअर, आणि मध्ये थांबायचं नाही. एका नदीत दादा स्वतः उतरला, मांडीपर्यंत भिजून परत आला, काही न बोलता मोजे पिळले आणि गाडी वळवली. त्या दिवशीचा आमचा सगळा प्लॅन बोंबलला, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

लँडमनालॉयगरला पहिला मुक्काम. ही जागा फोटोवाल्यांची पंढरी. इथले डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे आपल्याकडच्यासारख्या काळ्या दगडाचे नाहीत, रायोलाइटचे आहेत, म्हणजे सिलिका जास्त असलेला घट्ट, चिकट लाव्हा, आणि त्यात गरम पाण्याची नि वाफेची प्रक्रिया होऊन पिवळा, विटकरी, हिरवट, राखाडी असे पट्टे पडलेत. इंटरनेटवर ते असे दिसतात की कुणी रंगपंचमी खेळून गेलंय. प्रत्यक्षात रंग खूप सौम्य आहेत. आणि खरं सांगू का, कडक उन्हात ते पार धुऊन निघाल्यासारखे फिके पडतात. ढगाळ हवा, दगड ओला, आणि लेन्सवर चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर, एवढं जमलं की मग रंग वर येतो. म्हणजे पावसाला शिव्या देत हटमध्ये बसलेल्या लोकांनी खरंतर तेव्हाच बाहेर पडायला हवं. मी पडलो. ब्रेनिस्टेन्सआल्डा डोंगराच्या वाटेवर लाउगाह्राउन नावाचा लाव्हाचा पट्टा लागतो, साधारण १४७७ च्या उद्रेकातला, त्यात काळी काच म्हणजे ऑब्सिडियनचे मोठाले तुकडे. पाऊस पडत होता आणि त्या काचेत आकाशाचा पांढरा पट्टा चमकत होता. मागचे रंगीत डोंगर मी फ्रेमच्या बाहेर टाकले. मित्र म्हणाला, वेडा आहेस का, पंढरीला येऊन कळसाकडे पाठ? पण तोच फोटो या सगळ्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता.

तिथून पुढे मी काळ्याच्याच मागे लागलो.

काळ्याचे फोटो काढणं सोपं नाही हं. कॅमेऱ्याच्या मीटरला वाटतं जग सरासरी करड्या रंगाचं आहे, त्यामुळे काळी वाळू समोर आली की तो बिचारा उजेड वाढवतो आणि काळ्याचं करडं करून ठेवतो. एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्म्यावर, कमी करावा लागतो, कधी त्याहून जास्त. आणि त्याच फ्रेममध्ये जुन्या बर्फाचा एखादा तुकडा असेल तर तो फाटू द्यायचा नाही, नुसता पांढरा होऊ द्यायचा नाही, म्हणजे हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) दोन्ही टोकांवर एकदमच लक्ष ठेवायचं. दुसरं म्हणजे वाइड अँगल, एका फ्रेममध्ये खूप काही मावणारी लेन्स. सगळे सांगतात लँडस्केपला वाइड घ्या. माझं मत उलटं झालं. एवढ्या मोकळ्या जागेत वाइडनं सगळं लांब, बारीक आणि रिकामं दिसतं, मला तर १०० ते ४०० ची टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्सच कामाला आली, दूरच्या उतारावरचा एक काळा पट्टा, त्यात एक पोपटी ओघळ, संपलं.

उजेडाचं मात्र तिथं सुख आहे. ६४ अक्षांशावर सप्टेंबरच्या सुरुवातीला भर दुपारी पण सूर्य क्षितिजापासून बत्तीस-तेहतीस अंशच वर असतो. आपल्याकडे पुण्यात ऐन डिसेंबरात दुपारी तो ४८ अंशांवर असतो, यावरून अंदाज घ्या. म्हणजे आपण सह्याद्रीत जे सकाळी आठला पाठीवर सॅक मारून पळत पळत पकडतो तसलं तिरकं ऊन तिथं दिवसभर. अर्थात, ऊन असेल तर.

एल्डग्याउला फार थांबलो नाही. सन ९३९ च्या सुमारास जमीन फाटून तयार झालेली ही प्रचंड दरी, आणि तिच्यात ओफायरुफॉस नावाचा दोन टप्प्यांचा धबधबा. जुन्या पोस्टकार्डांवर त्या धबधब्यावर दगडाची नैसर्गिक कमान दिसते. ती १९९३ मध्ये कोसळली. तिथं भेटलेले एक वयस्कर जर्मन गृहस्थ कमान पडायच्या आधी तिच्यावरून चालून गेले होते, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की बस्स.

लाकी या ज्वालामुखीच्या जागेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो कारण मला सगळ्यात जास्त भिडलं ते हेच. ८ जून १७८३ ला इथं जमिनीला भेग पडली आणि फेब्रुवारी १७८४ पर्यंत ती ओकत होती. सुमारे २७ किलोमीटरची सरळ भेग, तिच्यावर १३० च्या आसपास विवरं एका ओळीत. लाव्हा पसरला जवळपास ६०० चौरस किलोमीटरवर. पण माणसं मेली ती बहुतेक लाव्हानं नाही. गंधकाचा धूर आणि गवतावर बसलेलं फ्लोरिन, त्यानं आधी मेंढ्या-गुरं गेली, मग दुष्काळ पडला आणि देशातल्या दर चार-पाच माणसांमागे एक माणूस गेला. हे चालू होतं तेव्हा इकडे शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे नऊ वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणवीस बघत होते. म्हणजे ऐकीव दंतकथा नाही ही, दप्तरातल्या काळातली गोष्ट.

लाकी नावाचा जो डोंगर आहे तो स्वतः विवर नाही, भेग त्याच्या दोन्ही अंगांनी जाते. वर चढलात की एकीकडे नैर्ऋत्येला विवरांची रांग, मागे वळलात की ईशान्येला तशीच रांग थेट वात्नायोकुल हिमनदीच्या दिशेनं. आणि या सगळ्यावर शेवाळाचा जाड थर. हे शेवाळ वाळलं की राखाडी असतं आणि पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. मी वर उभा असताना पावसाची एक सर डावीकडून आली आणि तिच्यामागे रांगेतलं एकेक विवर रंग बदलत गेलं, राखाडी, मग शेवाळी, मग गर्द हिरवं. मी तोच कोपरा धरून एकामागून एक फ्रेम घेतल्या, सर पुढे सरकेल तसतशा. थंडीनं बोटं शटरवर कळत नव्हती, लेन्सवरचे थेंब पुसायला आणलेलं कापड स्वतःच चिंब, शेवटी शर्टाच्या आतल्या कोरड्या टोकानं पुसत होतो.

त्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, आखलेल्या वाटेनंच जायचं. एक पाऊल उमटलं तर भरून यायला कित्येक दशकं लागतात. गाडी रस्त्याच्या बाहेर काढली तर जबर दंड. आणि राखीव भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही, ज्याबद्दल मी तर आभारच मानले, कारण वरून काढलेले नद्यांच्या वेण्यांचे फोटो आता सगळ्यांचे सारखेच दिसतात. आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी लोक काय करतात ते आठवून मला उगाच शरम वाटली.

मायलिफेलपाशी ऊन, वारा आणि काळी वाळू. सपाट काळ्या मैदानात एकच पोपटी सुळका, तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. आम्ही पोचलो तेव्हा वारा असा होता की दादानं गाडीचं दार दोन हातांनी धरून उघडलं, कारण वारा दार उलटं मोडून टाकतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचाच नाही, पाय पसरून खाली बसवायचा, बॅग मध्ये लटकवायची, आणि लेन्स बदलायची तर गाडीच्या आत, काचा बंद करून. तरी वाळू जाते. पुण्यात येऊन ट्रायपॉडचे पाय खोलले तर प्रत्येक चापातून बारीक काळी रेती, सिंकमध्ये धुतली तर बायको विचारते हे मिरपूड कुठून आलं.

तिथं जवळच आपल्या मानानं ताज्या लाव्हाचा एक पातळ पापुद्रा होता, दुधावरची साय चमच्यानं एका बाजूला सरकवल्यावर सुरकुतते अगदी तसा. बोट फिरवलं तर सुरकुती न् सुरकुती लागते. आपल्या पुण्याच्या आसपासचा बराचसा लाव्हा असाच पातळ आणि वाहता होता, पण ही वरची कातडी आपल्याकडे क्वचितच शिल्लक आहे, आपल्याला दिसतात ते कड्यांमधले आडवे थर आणि दोन थरांमधला तो विटकरी पट्टा. त्या पापुद्र्याचा फोटो मी गुडघ्यावर बसून, अगदी जवळून घेतला, मागे मायलिफेल धूसर. मित्रानं उभं राहून सुळक्याचा घेतला. इन्स्टावर त्याच्या फोटोला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लाइक्स आहेत, असू देत.

रात्री हटमध्ये मेतकूट-भात आणि तूप. हिरवे दिवे, म्हणजे अरोरा, एका रात्री दिसले आणि मी फोटो काढले पण त्याबद्दल लिहायला माझ्याकडे नवीन काही नाही, सगळ्यांनी लिहून ठेवलंय.

प्रिंट काढायला गेलो तर लॅबमधला मुलगा म्हणाला, "सर, शॅडोज उचलू का थोड्या? फार डार्क येतंय." मी म्हटलं, अजिबात नको. त्यानं तरी एक टेस्ट पट्टी उजळ करून दाखवली, काळ्या वाळूची तिथं नुसती धूळ झाली होती. मग मॅट पेपरवर काळं काळंच ठेवून काढल्या.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगतो. शेंगेन व्हिसाची (आइसलँडला तोच लागतो) अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो तेव्हा तिकिटांच्या आधी ते बघा. आणि बरोबर आमच्या दादासारखा माणूस नसेल तर स्वतः गाडी घेऊन आत जाऊ नका, उन्हाळ्यात रेक्याविकहून लँडमनालॉयगरला उंच चाकांच्या बसेस जातात, त्यांचे ड्रायव्हर तसल्या नद्या रोज पार करतात.