मॉन्स्टर हंटरमध्ये शस्त्र निवडताना आधी बचाव बघा, मग वार

मॉन्स्टर हंटर हा अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम नव्याने घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच संध्याकाळी विचारतो, 'सगळ्यात भारी वेपन कुठलं?' मग तो डॅमेजचे तक्ते शोधतो, यादीत वर असलेलं शस्त्र उचलतो आणि अँजानाथ या पहिल्या अवघड मॉन्स्टरपाशी येऊन अडकतो. चौदाही शस्त्रांनी हा गेम शेवटपर्यंत खेळता येतो. तक्त्यांमधला फरक दिसतो तो वेळेचे विक्रम लावणाऱ्यांच्या हातात. आपली शिकार लांबते ती आपटी खाऊन उठण्यात, लांब पळून शस्त्र म्यान करण्यात आणि जखमा भरणारं पोशन पिण्यात. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: मॉन्स्टर अंगावर झेप घेतो त्या एक-दीड सेकंदात मला काय करायला आवडतं? बाजूला लोळायला, ढाल पुढे धरायला, त्याच्याच वाराला उलट वार द्यायला, की मुळात लांब उभं राहायला? शस्त्र त्या उत्तरातून निघतं.

खालची माहिती मुख्यतः या मालिकेतल्या 2018 च्या 'वर्ल्ड' या भागाला धरून आहे. कॉट बेसिसवर राहून एकाच लॅपटॉपवर कॉलेजचं काम आणि गेम दोन्ही करणारी पुण्यात बरीच मुलं आहेत, आणि 2025 चा 'वाइल्ड्स' त्या लॅपटॉपांना झेपत नाही. वर्ल्ड झेपतो, आणि शिकायला आजही तोच उत्तम आहे.

आधी आकड्यांचा एक घोळ मिटवू. वर्ल्डमध्ये शस्त्रावर दिसणारा अटॅक फुगवलेला असतो आणि हा फुगवटा प्रत्येक प्रकारात वेगळा असतो. ग्रेट स्वॉर्डचा आकडा 4.8 ने गुणलेला, ड्युअल ब्लेड्सचा 1.4 ने, हॅमरचा 5.2 ने. म्हणजे 864 लिहिलेली ग्रेट स्वॉर्ड आणि 252 लिहिलेली ड्युअल ब्लेड्स यांची खरी ताकद एकच, 180. दोन प्रकारांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकाच प्रकारातली दोन शस्त्रं ताडून बघायची असतील तर आकड्याआधी धार बघा; ती गेममध्ये रंगाने दाखवतात. हिरव्या धारेला खरी ताकद 1.05 ने गुणली जाते, निळ्या धारेला 1.2 ने आणि पांढऱ्या धारेला 1.32 ने. 180 चं शस्त्र हिरव्या धारेत 189 होतं, निळ्या धारेत 216. तेवढ्यासाठी आणखी एक मॉन्स्टर मारून हाडं गोळा करायची असतील तरी परवडतं. शिवाय धार कमी असली की कठीण भागावर शस्त्र आपटून मागे उडतं, आणि तेवढ्यात शेपटी बसते. अ‍ॅफिनिटी म्हणजे वार क्रिटिकल, म्हणजे जास्त जोराचा, लागण्याची शक्यता. तिचा हिशोबही सोपा आहे. क्रिटिकल वार 25 टक्के जास्त लागतो, म्हणून 50 टक्के अ‍ॅफिनिटी म्हणजे सरासरी साडेबारा टक्के फायदा. डायब्लॉस या मॉन्स्टरपासून बनणाऱ्या शस्त्रांसारखी उणे अ‍ॅफिनिटी असली की तेच गणित उलटं लागू होतं. तरी त्यांची मूळ ताकद इतकी असते की नुसता उणे आकडा पाहून ती टाकून देऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे.

ढाल पुढे धरायला आवडणाऱ्यांनी लान्स घ्यावा. सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते नवख्याला सगळ्यात जास्त शिकवणारं शस्त्र हेच. तीन टोचे, मग छोटी उडी किंवा काउंटर, पुन्हा तीन टोचे, एवढाच त्याचा ताल. काउंटर-थ्रस्टमध्ये तुम्ही ढाल धरून थांबता, मॉन्स्टरचा वार ढालीवर बसतो आणि त्याच क्षणी भाला सुटतो. पळावं लागत नाही, म्हणून मॉन्स्टरच्या हालचाली अगदी जवळून बघता येतात. कुठल्या पायावर भार आला की तो वळणार आणि कुठल्या आवाजानंतर उडी मारणार, हे कळायला लागतं, आणि हे ज्ञान पुढे शस्त्र बदललं तरी सोबत राहतं. लान्सवाल्यांची एक चूक ठरलेली आहे: चिलखतातून मिळणारी हल्ल्याची सगळी स्किल्स घेतात आणि ढाल भक्कम करणारं गार्ड हे स्किल घेत नाहीत. गार्ड नसला की प्रत्येक मोठ्या धक्क्याला हंटर मागे घसरतो, स्टॅमिना ओततो आणि घसरून थांबेपर्यंत उलट वाराची संधी गेलेली असते. गार्ड किमान तिसऱ्या पातळीपर्यंत न्या. काही श्वासाचे आणि झोताचे हल्ले नुसत्या ढालीने अडतच नाहीत, त्यांना गार्ड अप हे वेगळं स्किल लागतं. लान्सची खरी कमजोरी चाल आहे. सतत जागा बदलणाऱ्या ओडोगारॉन या मॉन्स्टरच्या मागे लान्स घेऊन धावणं कंटाळवाणं होतं.

उलट वाराची हौस असणारे लाँग स्वॉर्डकडे जातात. ते शस्त्र सुंदर आहे यात शंका नाही, पण त्याचा फोरसाइट स्लॅश, म्हणजे हल्ला चुकवत मारायचा वार, नीट समजून घ्या. तो आधी एखादा वार केल्याशिवाय निघत नाही आणि वारांनी भरत जाणारी पट्टी, म्हणजे स्पिरिट गेज, खाऊन टाकतो. मॉन्स्टरचा हल्ला अंगावरून जाईल असा साधला की लगेच स्पिरिट राउंडस्लॅश मारता येतो, आणि तो लागला की गेजचा रंग एक पायरी चढतो: पांढरा, पिवळा, लाल. रंग चढला की प्रत्येक वाराची ताकद वाढते. हल्ला साधला नाही तर गेज रिकामा आणि मॉन्स्टर समोर. बहुतेक नवखे लाल रंग आला की लगेच हेल्मब्रेकरची, म्हणजे वरून आपटणाऱ्या मोठ्या वाराची, उडी मारतात. त्यात एक रंग उतरतो, मग ती लागो वा न लागो. मॉन्स्टर खाली पडलेला असेल किंवा सापळ्यात असेल तेव्हाच ती उडी वापरा.

काउंटरवर जगणाऱ्या शस्त्रांसाठी एक तांत्रिक गोष्ट: लॅपटॉप टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो उशीर होतो, तो काउंटरची वेळ चुकवायला पुरेसा असतो. आणि हेडफोन हवेतच. मॉन्स्टरच्या पुष्कळ हल्ल्यांची सूचना आवाजातून मिळते. गणपतीआधी संध्याकाळी बाहेर ढोल-ताशा पथकाचा सराव चालू असताना स्पीकरवर ती सूचना ऐकूच येत नाही.

ग्रेट स्वॉर्ड दिसते राकट, पण तिच्यात निम्मं काम अंदाजाचं आहे. वार तीन पातळ्यांपर्यंत चार्ज होतो. तिसरी पातळी आली की सोडायचा. धरून ठेवला तर जोर पुन्हा उतरतो. पहिल्या चार्जनंतर स्ट्राँग चार्ज आणि मग ट्रू चार्ज असा क्रम आहे. मधे खांद्याचा टॅकल मारला की पुढच्या टप्प्यावर लवकर पोचता येतं, आणि टॅकल करताना हंटर मॉन्स्टरच्या डरकाळीने किंवा धक्क्याने कोलमडत नाही. टॅकल शिकला नाही तर ग्रेट स्वॉर्ड खेळलाच नाही असं समजा. फोकस स्किलने चार्जचा वेळ पातळीनुसार 5, 10 आणि 20 टक्के कमी होतो, म्हणजे तिसऱ्या पातळीची उडी सगळ्यात मोठी. पहिल्या दोन पातळ्यांवर अडकून राहू नका. हिचा खरा मान झोपलेल्या मॉन्स्टरसमोर. झोपेत बसलेल्या पहिल्या वाराचं नुकसान दुप्पट होतं. म्हणून चौघे मिळून खेळताना मॉन्स्टर झोपला की बाकीच्यांनी हात आवरावा आणि ग्रेट स्वॉर्डवाल्याला जागा द्यावी. ड्युअल ब्लेड्सवाल्याने एक छोटा काप मारला तरी ती दुप्पट वाया जाते.

ड्युअल ब्लेड्स लोळून निसटणाऱ्यांचं शस्त्र. डीमन मोडमध्ये स्टॅमिना सतत गळतो आणि धार भराभर उतरते. एलिमेंटचं, म्हणजे शस्त्रातल्या आग-पाण्यासारख्या जादा माऱ्याचं, महत्त्व इथेच कळतं. शस्त्रावर लिहिलेला एलिमेंट दहाने भागायचा: 300 म्हणजे खरे 30, आणि तो दर वाराला थोडाथोडा मिळतो. ग्रेट स्वॉर्डला सात-आठ सेकंदांत एकदा मिळणारा हा तुकडा नगण्य, ड्युअल ब्लेड्सला तेवढ्या वेळात तो वीस वेळा मिळतो. म्हणून ड्युअल ब्लेड्स, बो (धनुष्य) आणि स्वॉर्ड अँड शील्ड खेळणाऱ्यांना आग, पाणी, वीज, बर्फ आणि ड्रॅगन अशी प्रत्येक एलिमेंटचं वेगळं शस्त्र लागतं. ग्रेट स्वॉर्ड किंवा हॅमर खेळणाऱ्याचं एका चांगल्या शस्त्रावर बराच काळ भागतं. सामान गोळा करायला वेळ कमी असेल तर हा मुद्दा तक्त्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

हॅमर आणि हंटिंग हॉर्न आघाताची शस्त्रं. डोक्यावर मारत राहिलं की मॉन्स्टर चक्कर येऊन पडतो, पण शेपटी त्यांनी तुटत नाही. हॅमरला ढाल नाही, काउंटर नाही. वार चार्ज करत चालायचं आणि डोकं खाली आलं की हाणायचं. हवेत राहणाऱ्या राथालोस या मॉन्स्टरपुढे हॅमरवाला नुसता बघत राहतो, म्हणून डोळे दिपवून त्याला खाली पाडणारे फ्लॅश पॉड बरोबर ठेवा. हंटिंग हॉर्नला लोक घाबरतात, आणि पुण्यातल्या माणसाने तरी घाबरायचं कारण नाही. वाराच्या क्रमाने सूर साठतात, ठरावीक क्रम जमला की गाणं तयार होतं, आणि ते वाजवलं की सगळ्या टीमला फायदा मिळतो. पथकात हात बसेपर्यंत ठेका मोजावा लागतो, पुढे तो अंगात मुरतो, तसंच हेही. पहिलं गाणं नेहमी स्वतःचा वेग वाढवणारं वाजवा, कारण त्याशिवाय हॉर्न जड वाटतो.

चार्ज ब्लेडमध्ये मात्र घाई चालत नाही. तलवारीचे वार केले की फायल, म्हणजे ऊर्जेच्या कुप्या, भरतात. चमक पिवळी असताना साठवल्या तर तीन मिळतात, लाल असताना पाच. लालच्या पुढे मारत राहिलात तर तलवार तापते आणि वार आपटून परत येतात. साठवलेल्या फायल आधी ढालीत उतरवायच्या, मग पुन्हा फायल भरायच्या आणि त्यानंतरच कुऱ्हाडीचा मोठा स्फोट. ढाल चार्ज न करताच सुपर डिस्चार्जचं बटण दाबणं ही नव्वद टक्के नवख्यांची अडचण असते, आणि 'माझा स्फोट छोटाच का होतो' याचं उत्तर तेच. पहिलं शस्त्र म्हणून मी हे सुचवणार नाही, दुसरं म्हणून जरूर. स्विच अ‍ॅक्स त्याच्या मानाने सरळ आहे, पण ढाल नाही. इन्सेक्ट ग्लेव्हवर सोबतच्या किड्याने मॉन्स्टरच्या अंगातून लाल, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रस गोळा केल्याशिवाय लढाई सुरूच करू नका. हवेत उड्या मारणं दिसायला छान, पण नुकसान जमिनीवरूनच जास्त होतं. गनलान्सच्या तोफेला वर्ल्डमध्ये मॉन्स्टरच्या कातडीचा कठीणपणा अडवत नाही, म्हणून धार आणि क्रिटिकलपेक्षा तोफेचा जोर वाढवणाऱ्या आर्टिलरी स्किलकडे आधी बघा.

लांबून मारणाऱ्या तीन शस्त्रांबद्दल, म्हणजे बो आणि दोन प्रकारच्या बोगन (बंदुका) यांच्याबद्दल, एकच खबरदारी. 'लांब उभं राहायचं' म्हणजे वाट्टेल तितकं लांब नव्हे. बाण आणि बहुतेक गोळ्यांना ठरावीक अंतर असतं, त्याच्या बाहेर जोर कमी होतो. बोमध्ये स्टॅमिना हाच जीव आहे, तो संपला की चार्जही नाही आणि बगलही नाही. बोगनमध्ये प्रत्येक बंदुकीच्या गोळ्यांची यादी, धक्का आणि रिलोड वेगळा असतो. बंदूक बनवण्याआधी ते पान पूर्ण वाचा.

अजून ठरत नसेल तर स्वॉर्ड अँड शील्ड घ्या. शस्त्र हातात असतानाच पोशन पिता येतं, सापळा लावता येतो, ढाल आहे, चाल आहे. लांबी कमी, एवढीच खोट.

चाचणी अशी करा. वर्ल्डमध्ये सगळ्या चौदा प्रकारांचं एक-एक साधं शस्त्र सुरुवातीपासूनच पेटीत असतं. बचावाच्या उत्तरावरून तीन निवडा. प्रत्येकाला ट्रेनिंग एरियात वीस मिनिटं द्या, फक्त वारांचा क्रम बोटात बसेपर्यंत. खांब उलट मारत नाही, त्यामुळे त्याहून जास्त वेळ तिथे घालवू नका. मग कुलू-या-कू या सुरुवातीच्या मॉन्स्टरची शिकार प्रत्येक शस्त्राने पाच वेळा. त्याने हातात दगड धरला की समोरून मारलेले वार आपटतात, त्यामुळे जागा बदलायची सवय लागते. दर वेळी दोन आकडे लिहून ठेवा: पोशन किती संपली आणि किती वेळा बेशुद्ध झालात. वेळ लिहू नका. पाचव्या शिकारीत पोशनचा आकडा ज्या शस्त्राने निम्म्यावर आला, ते घेऊन अँजानाथकडे जा. बाकी दोन शस्त्रं एवढ्यात बनवायला घेऊ नका. चुकून एखादं शस्त्र सुधारत पुढच्या पायरीवर नेलंच तर लोहाराकडे ते मागच्या पायरीवर नेता येतं. साहित्य परत मिळतं, झेनी (गेममधले पैसे) मात्र गेले.

चौघांत खेळताना लाँग स्वॉर्डचे लांब वार शेजाऱ्याला अडखळवतात आणि ग्रेट स्वॉर्डचा वर उचलणारा वार त्याला हवेत उडवतो. फ्लिंच फ्री या स्किलची एक पातळी प्रत्येकाने घालावी, अडखळणं तेवढ्याने थांबतं. हवेत उडणं मात्र वार करणाऱ्यानेच टाळायचं. आघातवाल्याला डोकं द्या, कापणाऱ्यांनी शेपूट घ्यावी. शिकारीच्या मध्ये सेव्ह करता येत नाही आणि बहुतेक शिकारींना 50 मिनिटं असतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्या भागात राहत असाल तर तो दिवस छोट्या शिकारींचा ठेवा, किंवा राउटर आणि मशीन दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

2021 च्या 'राइज'मध्ये वायरबगमुळे, म्हणजे धाग्याने हंटरला झटकन ओढून नेणाऱ्या किड्यामुळे, प्रत्येक शस्त्राला सुटकेची वाट मिळाली, त्यामुळे तिथे बचावाचा प्रश्न थोडा सैल होतो. वाइल्ड्समध्ये सेक्रेट या स्वारीच्या प्राण्याच्या पाठीवर दुसरं शस्त्र नेता येतं. तिथे जोडी लावताना दोन्ही शस्त्रं सवयीचीच घेण्यापेक्षा एक कापणारं आणि एक आघाताचं, किंवा एक जवळचं आणि एक लांबचं घ्या. ग्रेट स्वॉर्ड आणि हॅमरलाही तिथे मॉन्स्टरचा वार परतवणारा ऑफसेट वार मिळाला आहे, तेव्हा वर्ल्डमध्ये उलट वाराची गोडी लागलेल्यांनी ही दोन्ही पुन्हा हातात घेऊन बघावीत.