जालन्याहून एसटीनं अजिंठा, आईला घेऊन

घरची गाडी नाही त्यामुळं सगळं एसटीनंच करायचं होतं. जालन्याहून भोकरदनमार्गे सिल्लोड, तिथून जळगावकडं जाणारी कुठलीही गाडी चालते, फक्त कंडक्टरला नुसतं अजिंठा नका सांगू, फर्दापूर टी पॉइंट सांगा, कारण अजिंठा गाव घाटाच्या वर आधीच लागतं आन् लेण्या घाट उतरून खाली हायेत. आमच्या गाडीतलं कॉलेजच्या पोरांचं एक टोळकं बॅगा घेऊन गावातच उतरलं. आणि सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं.

टी पॉइंटला खाजगी गाड्या थांबतात, पुढं चारेक किलोमीटर महामंडळाची बस. तिकीट घरूनच ऑनलाइन काढून ठेवा, माझ्या मोबाईलला तिथं रेंजच नव्हती. पायऱ्यांपाशी डोलीवाले मागं लागतात, आई म्हणली, मला काय चौघांनी उचलून न्यायची वेळ आली का आत्ताच! पण गुडघे दुखत असतील तर लाजू नका, चढ बराच हाय.

वर गेल्यावर कळतं जागा का निवडली ते. वाघूर नदीनं तिथं घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि त्या कड्यातच सगळं कोरलेलं. आत्ता आपण चालतो तो रस्ता नंतरचा, पूर्वी लेण्यांना खाली नदीवरून आपापल्या पायऱ्या होत्या, १६ नंबरला ती वाट आणि दारातले दगडी हत्ती अजून बघायला मिळतात. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं, तसा शिलालेखच हाय तिथं.

चित्रांचं सांगतो. १ नंबरमध्ये चपला बाहेर, फ्लॅश बंद, आत उजेड एकदम कमी. लोक येतात, पद्मपाणीच्या, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रापुढं मोबाईल धरतात, काहीच दिसत नाही म्हणत बाहेर. अहो, उन्हातून आलाय तुम्ही, डोळ्याला वेळ तर द्या! आम्ही बाजूला थांबलो निवांत, मग हळूहळू आधी दागिने दिसले, मग चेहरा, मग मागची माणसं, माकडं, छतावरची नक्षी. माती, भाताचं तूस, झाडांचे तंतू असा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. निळा रंग लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. पंधराशे वर्षं झाली, आमच्या घराचा रंग दोन पावसाळे टिकत नाही.

पाय दमायच्या आत १ आणि २ करून सरळ १६, १७ गाठा. १७ मध्ये विश्वंतराची कथा हाय, सगळं दान करत सुटलेला राजपुत्र. पोटची लेकरंही दान केली म्हणल्यावर आई तिथंच भडकली, असला कसला दानशूर, बायकोला विचारलं का त्यानं? शेजारचा गाईडही हसायला लागला.

१० नंबर सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला या लेण्या दिसल्या आणि पठ्ठ्यानं खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलं, म्हणजे ही खोड आपल्याच पोरांची नाही.

२६ मधला झोपलेला बुद्ध सोडू नका, सात मीटरच्या आसपास लांब हाय. साडेपाचला बंद होतं, पण एसटीनं परतायचं असेल तर चारलाच खाली उतरा, सिल्लोडहून पुढची गाडी मिळेपर्यंत अंधार होतो.